मात्रेची मर्यादा

मानेतील अवटु ग्रंथीच्या पाठीमागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. त्यांना परावटु ग्रंथी म्हणतात. रक्तातील कॅल्शियम कमी झाले की त्या एक संप्रेरक स्रवतात आणि ते संप्रेरक हाडांच्या कोठारातून कॅल्शियम रक्तात आणते. १९२५ साली कॅनडात जेम्स कॉलिप यांनी या ग्रंथींचा गुणकारी अर्क तयार केला. तो कुत्र्यांना वरचेवर टोचला असता रक्तातील कॅल्शियम बेसुमार वाढले, वांत्या झाल्या, ग्लानी आली आणि शेवटी मृत्यू ओढवला.

आता याच संप्रेरकाच्या ८४ घटकांपैकी पहिल्या ३४ घटकांची साखळी, टेरिपॅराटाइड या नावाने, ठिसूळ हाडांच्या रोग्यांना देतात. हाडे झिजविणारे द्रव्य हाडे कशी बांधील, असा प्रश्न श्रोत्यांना साहजिकच पडेल. त्याचे उत्तर मात्रेत आणि वेळेत आहे. संप्रेरक रक्तात अखंड चढते राहिले तर हाड विरघळते. दिवसातून एकदाच, थोडा वेळ चढून उतरले तर हाड बांधणाऱ्या पेशी जाग्या होतात. म्हणून नेहमीची मात्रा दिवसाला अवघी २० मायक्रोग्रॅम असते.

एका पेनमध्ये मात्र बहुधा चार आठवड्यांचे औषध भरलेले असते. साध्या सुईने ते सगळे काढून एकदम टोचल्याच्या, म्हणजे ८०० मायक्रोग्रॅमपर्यंत औषध गेल्याच्या चुका नोंदल्या गेल्या आहेत. त्या रोग्यांना मळमळ, अशक्तपणा व रक्तदाब उतरणे असे त्रास झाले. मृत्यूची नोंद त्यांत नाही. तथापि, कॅल्शियम काही तासांनी वाढते आणि उभे राहताच घेरी येऊ शकते. ठिसूळ हाडांच्या वृद्धाला ते एक पडणेच महागात जाते.

या औषधावर उतारा नाही. रोग्यास आडवे निजवावे, पुढील इंजेक्शन थांबवावे आणि पेन बरोबर घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. तेथे रक्तातील कॅल्शियम व फॉस्फरस तपासतात आणि शरीरातील पाणी कमी पडू देत नाहीत. एखाद्या दिवशी इंजेक्शन चुकले तरी दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. हाड बांधले जाण्यास महिने लागतात. ते काम एका दिवसात उरकत नाही.