‘डोन्ट सेव्ह’ म्हटल्यानंतर
संगणकाशी सलगी : लेखांक ११

फायलींना नावं कशी द्यावीत यावर गेल्या आठवड्यात मी इथेच भरपूर ज्ञान पाजळलं. त्यानंतर चारच दिवसांनी, रात्री पावणेबाराला, माझ्यासमोर वर्डच्या तीन फायली उघड्या होत्या आणि तिन्ही बिननावाच्या: डॉक्युमेंट १, २ आणि ३. पहिल्या दोन टाकाऊ. बंद करताना वर्डने विचारलं, सेव्ह करू का? ‘डोन्ट सेव्ह’. पुन्हा विचारलं. ‘डोन्ट सेव्ह’. हाताला लय सापडली होती, तिसरीलाही तेच उत्तर गेलं. तिसरीत दिवाळी अंकाचा लेख होता.

पोटात गोळा आला. पण लेख मिळाला, शेवटचा परिच्छेद सोडून.

आपण टाइप करतो तो मजकूर सेव्ह करेपर्यंत मेमरीत असतो आणि लाईट गेली की मेमरी रिकामी होते. म्हणून वर्ड दर दहा मिनिटांनी स्वतःपुरती एक नक्कल डिस्कवर काढून ठेवतो. हे ‘ऑटोरिकव्हर’. तुमच्या मूळ फाइलला तो हात लावत नाही. नक्कल वेगळ्या जागी, ‘.एएसडी’ अशी शेपटी लावून पडलेली असते. पूर्वी ‘सेव्ह नको’ म्हटलं की तीही पुसली जायची. वर्ड २०१० पासून शेवटची नक्कल मागे ठेवायची सोय झाली आणि कधीच सेव्ह न केलेल्या फाइलची नक्कल चार दिवस राहते. तिथे जायचा रस्ता असा: फाइल, इन्फो, मॅनेज डॉक्युमेंट आणि त्यात रिकव्हर अनसेव्हड डॉक्युमेंट्स. वेळ बघून फाइल उघडायची आणि दुसरं काहीही करण्याआधी ‘सेव्ह ॲज’ करायचं. माझी नक्कल ११ वाजून ३६ मिनिटांची निघाली. पुढच्या नऊ मिनिटांत लिहिलेला परिच्छेद गेला तो गेलाच. (ऑप्शन्समध्ये ‘सेव्ह’खाली तो दहाचा आकडा बदलता येतो. माझ्याकडे आता दोन आहे.)

फाइल आधी सेव्ह केलेली होती आणि फक्त आजचे बदल गेले, तरी ‘मॅनेज डॉक्युमेंट’मध्येच बघावं. ‘आठवतंय तोवर लिहून काढू’ म्हणून त्याच फाइलमध्ये लगेच पुन्हा लिहायला बसू नका. नवीन काम सुरू झालं की मागची नक्कल टिकेलच असं नाही. आणि लाईट गेल्यावर वर्ड पुन्हा उघडला की डाव्या बाजूला जी पट्टी येते, ती जागा अडवते म्हणून फुली मारून घालवणारे लोक मी पाहिले आहेत. त्या पट्टीतच तुमचा मजकूर असतो हो!

फोल्डरमध्ये कधी कधी तुमच्याच फाइलच्या नावाची, पण पुढे डॉलरचं चिन्ह लागलेली एक चिमुकली फाइल दिसते. तिच्याकडे फार आशेने बघू नका. फाइल कोणी उघडली आहे, त्याचं नाव तेवढं तिच्यात असतं.

याहून वाईट अपघात म्हणजे सगळा मजकूर निवडलेला असताना चुकून एक अक्षर दाबलं जाणं आणि सवयीने कंट्रोल-एस होणं. यावर औषध एकच, फाइल बंद करू नका. सेव्ह केल्यानंतरही, फाइल उघडी आहे तोवर, कंट्रोल-झेड मागे जातं. बंद केली की ती वाट संपली. फाइल वनड्राइव्हवर असेल तर ‘ऑटोसेव्ह’ चालू असतं आणि इथे लोक फसतात: ऑटोसेव्ह तुमच्या मूळ फाइलमध्येच लिहितं, म्हणजे तुमची चूकही ते तत्परतेने जपतं. तिथे आणि गूगल डॉक्समध्ये ‘व्हर्जन हिस्टरी’ उघडून जुनी आवृत्ती परत आणायची.

आता मोडक्या फाइलविषयी. पेन ड्राइव्ह घाईने उपसला आणि फाइल उघडेनाशी झाली, ही तक्रार मला दर महिन्याला ऐकू येते. आधी ‘ओपन’ बटणाशेजारच्या बाणातून ‘ओपन अँड रिपेअर’ करून बघा. नाही जमलं तर लक्षात घ्या, ‘.डॉकएक्स’ ही एकसंध फाइल नसून झिप केलेलं गाठोडं आहे. तिचे पहिले दोन बाइट ‘पी’ आणि ‘के’ असतात, म्हणजे १९८९ मध्ये झिप आणणाऱ्या फिल कॅट्झ यांची आद्याक्षरं. फाइलची एक प्रत काढा, तिची शेपटी बदलून ‘.झिप’ करा आणि आतल्या ‘वर्ड’ फोल्डरमधली ‘डॉक्युमेंट.एक्सएमएल’ साध्या एडिटरमध्ये उघडा. चित्रं, ठळक अक्षरं, तक्ते यांची वाट लागलेली असेल, पण वाक्यं तिथे असतात.

मराठी लेखकाला इथे आणखी एक धक्का बसू शकतो. एडिटर जुना असेल तर देवनागरीऐवजी डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ‘ए’ ओळीच्या ओळी दिसतो. माणूस फाइल फेकून देतो. खरं तर मजकूर शाबूत असतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि पहिला बाइट सगळ्यांचा सारखाच, तोच हा ‘ए’. दुसरा दोनपैकी एक: व्यंजनं, काना आणि पहिली वेलांटी यांना चार किरणांचं वर्तुळ मिळतं, दुसरी वेलांटी, उकार आणि मात्रा यांना जपानी येनचं चिन्ह. ‘पुणे’ लिहिलं असेल तर दोन येन दिसतील, एक उकाराचा आणि एक मात्रेचा. एडिटरच्या एन्कोडिंगमध्ये यूटीएफ-८ निवडलं की पुणे परत येतं. तोवर त्या फाइलवर सेव्ह मात्र दाबायचं नाही.

श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत केलेल्या मजकुराचं गणित याच्या उलट आहे. तिथे रोमन अक्षरांचा गोंधळ हाच मूळ मजकूर असतो, तो तसाच जपून ठेवा. त्याचं युनिकोड कसं करायचं, ते पुढच्या आठवड्यात.