जुनी वीजपेटी, नवा संगणक

“जुनें तें सोनें” ही म्हण तांब्यापितळेच्या भांड्यांस जितकी लागू पडते, तितकी विजेच्या यंत्रांस पडत नाहीं. हा भेद न ओळखल्यास काय नुकसान होतें, याचा विचार संगणकाच्या एका दुर्लक्षित भागाच्या निमित्तानें करावयाचा आहे.

नागोठणें आणि रोहें यांच्या मधलें निडी हें लहानसें रेल्वे-स्टेशन घ्या. अशा गांवांतील मुलगा कॉलेजांत जाऊं लागला, कीं मुंबईचा मामा आपला दहा वर्षांचा संगणक गांवीं धाडून देतो. मग घरांत बेत ठरतो : प्रोसेसर, मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड हीं नवीं घ्यावयाचीं; कॅबिनेट व तींतील वीजपुरवठ्याची पेटी, जिला बाजारांत ‘एसएमपीएस’ म्हणतात, ती मात्र जुनीच ठेवावयाची. बेत सर्वस्वीं चुकीचा नाहीं. परंतु त्याची योग्यायोग्यता ठरविण्यापूर्वीं ही पेटी करते काय, हें समजून घेणें अवश्य आहे.

आपल्या घरांतील वीज २३० व्होल्टांची असून तिची दिशा सेकंदास शंभर वेळां पालटते. संगणकास हवा असतो तो १२, ५ आणि ३.३ व्होल्टांचा एकदिश, स्थिर प्रवाह. पेटी प्रथम आलेल्या विजेचा तीनशें व्होल्टांहून अधिक असा एकदिश दाब करते. तो सेकंदास हजारों वेळां तोडून-जोडून लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून उतरविते. आणि कपॅसिटर नांवाच्या नळकांड्यांत सांठवून त्यांतील लाटा मोडते. हे कपॅसिटर म्हणजे गांवच्या पाण्याच्या टाकीसारखे होत. नदीचें पाणी कमीअधिक झालें तरी टाकी भरलेली असली म्हणजे नळाची धार एकसारखी राहते.

परंतु ह्या टाक्यांना कालांतरानें गळती लागते. कपॅसिटरमधील द्रव उष्णतेनें सुकत जातो. उष्णता दहा अंशांनीं वाढली, कीं त्याचें आयुष्य अदमासें निम्मे होतें. द्रव सुकला, कीं लाटा मोडत नाहींत आणि त्या थेट नव्या, नाजूक भागांवर आदळतात. चांगली पेटी बिघडतांना स्वतःच बंद पडते. हलक्या प्रतीची पेटी मात्र जातांना मदरबोर्ड आणि डिस्कहि घेऊन जाते. पैसा पुन्हां मिळवितां येईल. पण त्या डिस्कवर आजीचीं एकुलतीं एक छायाचित्रें असलीं, तर तीं कोठून आणावयाचीं?

दुसरा प्रश्न शक्तीचा. पेटीवर ‘४५० वॅट’ असें छापलेलें पाहून पुष्कळजण निश्चिंत होतात. तो आकडा साऱ्या दाबांची मिळून बेरीज असतो. पूर्वीं ५ व ३.३ व्होल्टांवर मोठा भार असे; आजचे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड आपली जवळजवळ सर्व भूक १२ व्होल्टांवर भागवितात. म्हणून लेबलावरील १२ व्होल्टांचा रकानाच वाचावा. तेथें १६ अँपिअर लिहिले असतील, तर १२ गुणिले १६ म्हणजे अवघे १९२ वॅट उपलब्ध होतात. उलट प्रोसेसरचे ६५, कार्डाचे ११५ आणि इतर भागांचे ४० धरले, तर गरज २२० वॅटांची होते. शिवाय क्षणिक उसळ्या वेगळ्याच. ४५० ची पेटी २२० ला अपुरी पडते, ती अशी.

तिसरा प्रश्न जोडणीचा. १९९५ सालीं इंटेल कंपनीनें ‘एटीएक्स’ हें मान प्रसृत केलें. त्यामुळें पेटीचा आकार व स्क्रूंचीं भोकें आजहि बहुधा जुळतात, आणि येथेंच मनुष्य फसतो. उंची जुळली म्हणजे पत्रिका जुळली असें नव्हे. मुख्य जोड पूर्वीं २० पिनांचा होता, २००३ पासून तो २४ पिनांचा झाला. ग्राफिक्स कार्डाचा सहा पिनांचा जोड ७५ वॅटांचा, तर आठ पिनांचा १५० वॅटांचा असतो. नसलेला जोड स्वस्त अडॅप्टर लावून निर्माण केल्यास तारा तापून वितळण्याचें भय असतें. सुट्या तारांची पेटी असेल, तर दुसऱ्या कंपनीच्या तारा तींत कधींहि घालूं नयेत. टोकें सारखीं दिसलीं तरी आंतील क्रम निराळा असतो.

कोंकणच्या परिस्थितीचाहि विचार हवा. पावसाळ्यांत वीज वारंवार जाते व येते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड जिल्ह्यांतील कित्येक गांवें अनेक दिवस अंधारांत होतीं. अशा चढउतारांचा मारा प्रथम ही पेटीच सोसते. घरांत अर्थिंग नसेल, तर कॅबिनेटला हात लावतांच झिणझिण्या येतात. तो दोष पेटी बदलून जात नाहीं, अर्थिंग करवूनच जातो. अमेरिकेंतून आणलेल्या जुन्या पेटीवर दाब निवडण्याचा लाल खटका असल्यास तो २३० वर आहे ना, हें वीज लावण्यापूर्वींच पाहावें. ११५ वर असल्यास पेटी तत्क्षणीं जळते.

तेव्हां निर्णय असा करावा. पेटी नामांकित कंपनीची, पांच-सहा वर्षांच्या आंतली, हमी शिल्लक असलेली, १२ व्होल्टांवर गरजेच्या दीडपट शक्तीची आणि सर्व जोड असलेली असेल, तर ती खुशाल वापरावी. जाणत्या माणसाकडून मल्टिमीटरनें दाब मोजवून घ्यावा. संगणक काम करीत असतां १२ व्होल्टांचा दाब ११.४ ते १२.६ यांच्या आंत राहिला पाहिजे. जळकट वास, खरखर आवाज किंवा आपोआप बंद होणें, यांपैकीं एकहि लक्षण दिसल्यास पेटी काढावी. ती उघडून दुरुस्त करण्याचा मोह मात्र टाळावा, कारण प्लग काढल्यावरहि आंत प्राणघातक दाब कांहीं काळ टिकतो.

टाकाऊ पेटी भंगारांत जाळूं देण्याऐवजीं नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावी. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनीं उत्पादकांवरहि त्याची जबाबदारी टाकली आहे. काटकसर करावयाची, तर ती कॅबिनेटांत करावी, पडद्यांत करावी, कळफलकांत करावी. ज्या एका भागावर इतर सर्वांचें आयुष्य अवलंबून आहे, तेथें ती करूं नये.