एका दिवसाची सहल, सव्वीस दिवसांचा धंदा

पुणे ते लोणावळा हे रेल्वेचे अंतर ६४ किलोमीटर आहे. लोकलने जेमतेम दीड तास लागतो. पुणे शहरात वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो; लोणावळ्यात तो ४,००० मिलिमीटरच्याही वर जातो. दीड तासाच्या प्रवासात पावसात पडणारा हा फरक हेच मावळच्या पर्यटन व्यवसायाचे खरे भांडवल होय. सकाळी डबा घेऊन निघावे, धबधब्यात भिजावे, गरम कणीस खावे, चिक्कीचा पुडा घ्यावा आणि रात्री घरी परतावे, असा हा बेत असतो. शहरातल्या मध्यमवर्गीय कुटुंबाला यापेक्षा स्वस्त करमणूक सापडणे कठीण!

पण या करमणुकीवर ज्यांचे पोट आहे, त्यांचा हिशेब वेगळा आहे. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तेरा आठवडे होतात. गर्दी शनिवार-रविवारची, म्हणजे धंद्याचे दिवस सव्वीस. त्यात स्वातंत्र्यदिनासारखी एखादी सुटी मिळवावी आणि अतिवृष्टीच्या इशाऱ्यामुळे बंद राहिलेले दिवस वजा करावेत. भजी, कणीस आणि चहाची टपरी टाकणाऱ्याला वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा एवढ्या दिवसांत काढावा लागतो. कोळसा, तेल, ताडपत्री, मदतनिसांची मजुरी हा खर्च मात्र पाऊस सुरू होण्याआधीच करावा लागतो. दोन रविवार बुडाले तरी घेतलेले कर्ज पुढच्या मोसमावर जाते.

पाणी मुळात धंद्याचेच

लोणावळ्याचे तलाव निसर्गाने दिलेले आहेत, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः ते उद्योगधंद्यासाठी बांधलेले आहेत. खंडाळा ते पुणे रेल्वे १८५८ मध्ये सुरू झाली आणि १८६३ मध्ये बोरघाटातून लोहमार्ग वर आला. भुशी धरण बांधले गेले ते रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी पुरवण्यासाठी. टाटांनी लोणावळा, वळवण आणि शिरवता येथे तलाव बांधले. ते पाणी पाचशे मीटरहून अधिक खाली खोपोलीला नेऊन १९१५ मध्ये वीजनिर्मिती सुरू केली आणि ती वीज मुंबईच्या कापड गिरण्यांना पुरवली. पवना धरण १९७० च्या दशकातले आहे. त्याचे पाणी आज पिंपरी-चिंचवड शहर पिते आणि काठावर तंबू लावून मुक्कामाचा व्यवसाय चालतो.

चिक्कीचेही तसेच आहे. घाटात रेल्वेचे काम करणाऱ्या मजुरांना गूळ आणि शेंगदाण्यांची गुडदाणी विकली जाई आणि तिचीच पुढे चिक्की झाली, असे सांगितले जाते. यातली ध्यानात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे शेंगदाणा आणि गूळ ही काही मावळची मुख्य पिके नव्हेत. मावळ हा भाताचा मुलूख आहे. कच्चा माल बाहेरचा आणि नाव मात्र लोणावळ्याचे! रेल्वे स्टेशन, टिकाऊ माल आणि बांधून नेता येईल असा पुडा या तीन गोष्टींच्या जोरावर हा धंदा उभा राहिला. त्यामुळेच पाऊस नसतानाही चिक्कीचे दुकान चालते आणि कणसाची शेगडी विझते.

दोन रविवार

३० जून २०२४ रोजी, रविवारी, भुशी धरणाच्या मागील बाजूच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत लहान मुलेही होती. त्यानंतर प्रशासनाने धोक्याच्या पर्यटनस्थळांवर मनाई आदेश काढले आणि धरण परिसरातील अनधिकृत टपऱ्या हटवल्या. वर्षभराने, १५ जून २०२५ रोजी, तोही रविवारच, तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीच्या वेळी कोसळला. चार जणांचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले.

गेलेल्या जिवांची भरपाई कशानेही होत नाही. परंतु धंद्याच्या पानावर एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. सुरक्षितता हा केवळ पोलिसांचा विषय नाही, ते व्यापाऱ्याचे पहिले भांडवल आहे. पाण्याच्या कडेला टपरी लागली की गिऱ्हाईक पाण्याच्या कडेलाच उभे राहते. पाणी वाढू लागले की ते सर्वांत आधी कळते तेही तिथल्या रोजच्या विक्रेत्यालाच. त्याने वेळेवर दिलेली हाक एखाद्या कुटुंबाला वाचवू शकते आणि त्याचा स्वतःचा मोसमही.

कायद्याची बाजूही समजून घ्यावी. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने शहरातील फेरीवाल्यांना सर्वेक्षण, विक्री प्रमाणपत्र आणि हटवण्यापूर्वी नोटीस असे संरक्षण दिले. मात्र रेल्वेच्या मालकीच्या जागेला हा कायदा लागूच होत नाही. त्यामुळे रेल्वेच्या हद्दीत टपरी टाकणाऱ्याच्या हातात कायद्याचा आधार राहत नाही. ज्यांना जमेल त्यांनी नगरपरिषदेच्या हद्दीत रीतसर नोंदणी करून घ्यावी. नोंदणी असलेल्या विक्रेत्याला २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वनिधी योजनेतून विनातारण कर्ज मागता येते. पहिल्या कर्जाची मर्यादा सुरुवातीला दहा हजार रुपये होती. २०२५ मध्ये ती पंधरा हजार करण्यात आली. सावकाराकडून घेतलेल्या मोसमी उसनवारीपेक्षा हे केव्हाही बरे.

अलीकडच्या स्टेशनांवर उतरा

सहलीला जाणारे बहुतेक जण थेट लोणावळा गाठतात. गर्दी तिथेच, वाहनांची रांग तिथेच आणि धोकाही तिथेच. मावळ तालुका मात्र त्याआधीच सुरू होतो. एक स्टेशन अलीकडे मळवलीला उतरले, तर भाजे लेणी चालत गाठता येतात. पुढे लोहगड आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत त्याचा समावेश आहे. महामार्गापलीकडे कार्ले लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या तिथल्या शिलालेखांत वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे नाव आहे, यवन दात्यांचीही नावे आहेत. कोकणातील बंदरे आणि घाटमाथा यांना जोडणाऱ्या व्यापारी वाटेवर ही लेणी व्यापाऱ्यांच्या दानातून उभी राहिली. म्हणजे मावळात बाहेरच्या माणसाचा पैसा येण्याची रीत फार जुनी आहे!

कामशेतला उतरले की पवन मावळ आणि नाणे मावळातील गावांच्या वाटा लागतात. तळेगाव भागात हरितगृहांतून गुलाब पिकतो आणि परदेशीही जातो. वडगावच्या भात संशोधन केंद्राने दिलेला इंद्रायणी तांदूळ तर पुण्याच्या घरोघरी शिजतो. तरीही सहलीहून परतणाऱ्याच्या पिशवीत चिक्की असते, तांदूळ नसतो. कारण स्टेशनबाहेर दोन-पाच किलोची स्वच्छ, वजन आणि गावाचे नाव छापलेली तांदळाची पिशवी सहजी मिळत नाही. शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्यामार्फत पुण्याला जातो आणि तोच त्या गावाला भेट देऊन आलेला माणूस आपल्या पेठेतून विकत घेतो. एप्रिल-मे महिन्यांत करवंदे आणि जांभळे पानांच्या द्रोणात घालून रस्त्याकडेला बसणाऱ्या कातकरी आणि ठाकर बायांचीही तीच कथा. त्यांचा माल दोन दिवसांत नासतो, म्हणून संध्याकाळी मिळेल त्या भावाला द्यावा लागतो.

अल्प भांडवलात धंदा शोधणाऱ्या तरुणांनी इकडे लक्ष द्यावे. भुशीच्या वाटेवर आणखी एक कणसाची शेगडी मांडण्यापेक्षा बचतगटाशी बोलून तांदूळ पिशवीबंद करावा, करवंदाचे लोणचे आणि जांभळाचा रस टिकेल अशा बाटल्यांत भरावा आणि त्यासाठी अन्नसुरक्षा नोंदणी घ्यावी. ज्यांच्याकडे स्वतःची शेती आहे, त्यांना राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली नोंदणी करून शहरातल्या कुटुंबांना दिवसभराचे जेवण आणि शिवारफेरी देता येईल. ऑक्टोबर-नोव्हेंबरात भात कापणीला येते. ते पाहायला ना धबधबा लागतो, ना जिवाचा धोका.

आणि सहलीला जाणाऱ्यांनीही एवढे करावे. वाहत्या पाण्यात उतरू नये, स्थानिक विक्रेता "मागे या" म्हणाला तर वाद न घालता मागे यावे, आणि परतताना चिक्कीच्या पुड्याबरोबर मावळच्या शेतातला काही माल पिशवीत घ्यावा. तेवढ्या खरेदीने सव्वीस दिवसांच्या धंद्यात आणखी काही दिवसांची भर पडेल.