भरतीच्या वेळी पाणी ठेवायचं कुठं?

पावसाळ्याच्या तोंडावर मुंबई महापालिका दरवर्षी एक यादी जाहीर करते. जून ते सप्टेंबरदरम्यान समुद्राला साडेचार मीटरहून उंच भरती कोणत्या दिवशी आणि किती वाजता येणार, याची ती यादी. सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर ती फिरत राहते. परळ, शीव, कुर्ला भागात तळमजल्यावर राहणारी माणसं ती वाचून कपाटाचा खालचा कप्पा रिकामा करतात. पाऊस किती पडणार याइतकंच तो किती वाजता पडणार यालाही तिथं महत्त्व आहे, कारण मुसळधार सर आणि मोठी भरती एकाच वेळी आली की शहरातलं पाणी बाहेर काढायला वाटच उरत नाही.

याचं कारण मुंबईच्या पातमुखांच्या उंचीत आहे. पर्जन्यवाहिन्या आणि नाले ज्या तोंडांनी समुद्रात किंवा खाडीत रिकामे होतात, ती पातमुखं शहरात 186 आहेत. त्यांपैकी 45 समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली आहेत. 135 सरासरी पातळीच्या वर असली तरी भरतीच्या पातळीच्या खाली येतात. भरतीतही कोरडी राहतील अशी फक्त 6 आहेत. म्हणजे दिवसातून दोनदा शहराच्या बहुतेक नळ्यांची तोंडं समुद्र आपण होऊन बुजवतो. वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही, असं आपण म्हणतो. भरतीच्या वेळी परळला ते जाताना दिसतं: रस्त्याकडेच्या जाळीतून पाणी खाली जायचं सोडून बुडबुडे काढत वर येतं.

सात बेटांमधल्या खाड्या आणि दलदली बुजवून हे शहर उभं राहिलं. वरळीचं खिंडार 18 व्या शतकाच्या उत्तरार्धात बांध घालून बंद केलं, तेव्हा आतली सखल जमीन वसाहतीसाठी मोकळी झाली. पण जमीन कोरडी झाली म्हणून उंच झाली नाही. परळजवळचा हिंदमाता चौक अशाच एका खोलगट जागेत आहे. चारी बाजूंनी पाणी तिथं उतरतं आणि समुद्र मात्र लांब. इथल्या पाण्याला मैलोन्मैल जवळजवळ सपाट वाहिनीतून जावं लागतं, आणि सपाट वाहिनीत पाणी रेंगाळतं आणि रेंगाळलं की गाळ टाकतं. दर मे महिन्यातल्या नालेसफाईचं आणि तिच्यावरून होणाऱ्या वादांचं मूळ या गाळात आहे.

जुन्या वाहिन्या ताशी 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबानं बांधलेल्या होत्या, आणि त्यातलाही निम्माच वाहून येईल, उरलेला जमिनीत मुरेल, असं गृहीत धरलं होतं. 1993 साली तयार झालेल्या ‘ब्रिमस्टोवॅड’ आराखड्यानं ताशी 50 मिलिमीटर पाऊस धरला आणि तो सगळाच्या सगळा वाहून येणार असं मानलं. कागदावर आकडा दुप्पट झालेला दिसतो. वाहिनीत मात्र साडेबारा मिलिमीटरऐवजी पन्नास, म्हणजे चौपट पाणी येतं. मोकळी जमीन सिमेंटखाली गेल्याची कबुलीच या हिशेबात दडलेली आहे.

आराखडा बराच काळ फायलीत पडून राहिला. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला (त्याच दिवशी कुलाब्यात 75 मिलिमीटरही झाला नव्हता), तेव्हा त्याच्यावरची धूळ झटकली गेली. पुढे हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध ही उदंचन केंद्रं उभी राहिली. भरती आली की दरवाजे बंद करायचे आणि पंपांनी पाणी उपसून समुद्रात टाकायचं, अशी ही योजना. एकेक पंप सेकंदाला 6,000 लिटर पाणी फेकतो. रे रोडचं ब्रिटानिया केंद्र तर हिंदमाता, परळ डोळ्यांपुढे ठेवूनच बांधलेलं. तरीही हिंदमाता तुंबायचं थांबलं नाही, कारण पंपापर्यंत पाणी पोचायला वेळ लागतो. शेवटी पालिकेनं जवळच्या मैदानांखाली कोट्यवधी लिटरच्या टाक्या बांधल्या. सरीचं पाणी त्यांत घ्यायचं आणि भरती ओसरली की सोडून द्यायचं. शे-दीडशे वर्षं पाणी लवकरात लवकर घालवायच्या मागे असलेलं शहर आता ते काही तास धरून ठेवायला शिकतं आहे.

पालिकेनं उशिरा का होईना, जे मान्य केलं, ते सोसायट्यांच्या आवारात मात्र अजून पोचलेलं नाही. तिथं ‘ड्रेनेज’ म्हणजे पाणी गेटबाहेर ढकलणं, एवढाच समज आहे.

एखाद्या जुन्या इमारतीच्या गेटशी उभं राहून बघितलं, तर अडचण डोळ्यांना दिसते. रस्त्यावर थरावर थर चढून तो वर आलेला असतो. पूर्वी दोन पायऱ्या चढून इमारतीत शिरायचे, तिथं आता एक पायरी उतरावी लागते. आवाराची पन्हळ भिंतीलगत फिरून कोपऱ्यातल्या चेंबरला मिळते, आणि तिथून एक नळी रस्त्याखालच्या वाहिनीला. चेंबरचं झाकण उचललं की तळाशी वीतभर काळा गाळ, प्लास्टिकच्या पिशव्या आणि पिंपळाची मुळं. रस्त्याखालची वाहिनी भरली, तर याच नळीतून बाहेरचं पाणी आत येतं. उलटं येणारं पाणी रोखायला नळीच्या तोंडाशी झडप बसवता येते. ती फार महाग नसते, पण दर महिन्याला साफ न केल्यास कचरा अडकून उघडीच राहते. आणि झडप बंद झाली की आवारात पडणारा पाऊस आतच साचतो, हे विसरून चालत नाही. त्यासाठी टाकी किंवा पंप लागतोच.

टाकी केवढी, याचं गणित शाळकरी आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. 1,000 चौरस मीटरच्या भूखंडावर ताशी 50 मिलिमीटरनं दोन तास पाऊस कोसळला, तर एक लाख लिटर पाणी जमेल. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि दोन मीटर खोल टाकीत ते मावतं; म्हणजे चार मोटारी उभ्या करण्याच्या जागेखाली. टाकी वाहिनीपेक्षा खोल जाणार, म्हणून पाणी पंपानंच काढावं लागेल. सेकंदाला पाच लिटर काढणारा पंप ती साडेपाच तासांत रिकामी करतो, आणि भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सहा तास जातात. त्या पंपाची वीज कुठून येते, हेही तपासायला हवं. मीटर रूम तळघरात असली, तर पहिल्यांदा बुडतो तो पंप चालवणारा स्विच.

‘आमच्याकडे रेन वॉटर हार्वेस्टिंग आहे’ हे उत्तर इथं पुरत नाही. मोठ्या भूखंडांवरच्या नव्या इमारतींना मुंबईत 2002 पासून ते सक्तीचं आहे, पण त्याचा हेतू पाणीटंचाई कमी करणं हा होता. साठवणीची टाकी भरलेली असली की चांगली. पुराची टाकी रिकामी असली की. जुलैत काठोकाठ भरलेली टाकी पुढच्या सरीत काहीच उपयोगाची नाही. एकाच टाकीत खालचा भाग वापरासाठी आणि वरचा भाग सरीसाठी मोकळा, अशी सोय करता येते, फक्त तसं ठरवून बांधावं लागतं. शोषखड्ड्यांचंही तसंच: भरावाच्या जमिनीत पावसाळ्यात भूजल हातभर खोलीवर आलेलं असतं, मग मुरणार कुठं? पेव्हर ब्लॉकखाली काँक्रीटचा थर टाकला असेल, तर त्या ब्लॉकमधून फरशीइतकंच पाणी मुरतं.

तळघरांची गोष्ट निराळी. रस्त्यावरून रॅम्प थेट खाली उतरत असेल, तर तो पाण्याला दिलेलं आमंत्रण. रॅम्पनं आधी थोडं वर चढून मग उतरायला हवं, घराला उंबरठा असतो तसं. 26 मे 2025 रोजी वरळीचं आचार्य अत्रे चौक भुयारी मेट्रो स्थानक सुरू होऊन महिनाही झाला नव्हता. बांधकाम चालू असलेल्या प्रवेशमार्गाची संरक्षक भिंत कोसळून पाणी आत शिरलं. एवढा मोठा प्रकल्प एका तोंडापाशी फसतो, तर सोसायटीचं काय? पाणी चढू लागताच लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करणं आणि पिण्याच्या पाण्याच्या जमिनीखालच्या टाकीचं झाकण जमिनीपासून फूट-दीड फूट वर, घट्ट बसणारं असणं, या दोन गोष्टींना जवळजवळ खर्च नाही. बाहेर साचलेलं पाणी झाकणाच्या फटीतून त्या टाकीत गेलं, तर पाणी ओसरल्यावर जुलाब-उलट्यांची पाळी येते.

सगळ्यात अवघड प्रश्न शेजाऱ्याचा आहे. पुनर्विकासात नवी इमारत भराव घालून रस्त्याच्या वर उचलली जाते, तिथं पाणी साचायचं थांबतं, आणि ते शेजारच्या चाळीत शिरतं. प्रत्येक जण आपापला भूखंड उंच करत गेला, तर पूर कमी होत नाही, त्याचा पत्ता बदलतो. अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा या बाबतीतला नियम बघण्यासारखा आहे. ते शहरही सपाट, आखाताजवळचं. 2017 च्या हार्वी वादळात त्याची दैना झाली. तिथं पूरक्षेत्रात भराव टाकायचा, तर तेवढंच आकारमान दुसरीकडे खोदून पाण्याला परत द्यावं लागतं, आणि मोठ्या वसाहतींना पाणी थोपवणारी तळी बांधावी लागतात. नियम असूनही ते शहर बुडालं, हे खरं. पण भरावाची किंमत भराव घालणाऱ्यानं मोजायची, हे तिथं निदान कागदावर ठरलेलं आहे.

मुंबईत पुनर्विकासाच्या सभा कार्पेट एरिया, कॉर्पस आणि पार्किंगवर रात्री उशिरापर्यंत रंगतात. जोत्याची पातळी रस्त्याच्या किती वर, पावसाळी टाकी किती लिटरची, ती भरून वाहिली तर पाणी कुठल्या कुंपणाकडे जाणार, हे त्याच सभेत विचारायला हवं. नकाशे मंजुरीला जाण्याआधी आर्किटेक्टला त्यात फेरफार करता येतो. पाया भरून झाल्यावर टाकी खोल करता येत नाही.