केडगावच्या वाटांची नावं

पुणे-सोलापूर महामार्गाला शिरूर-सातारा रस्ता जिथे छेदतो, तो चौफुला. दक्षिणेला सुपे-मोरगाव, उत्तरेला केडगाव आणि पुढे भीमेपलीकडे न्हावरे, शिरूर. हे नाव कुणी ठराव करून दिलेलं नाही, चार वाटांनीच दिलं.

दौंड तालुक्यातल्या केडगावात पत्ताही असाच खुणांनी सांगतात: स्टेशन, मुक्ती मिशन, बेट. प्रत्येक खुणेमागे एक काळ उभा आहे. डिसेंबर १८५८मध्ये पुण्याहून दिक्सळपर्यंत आगगाडी धावू लागली आणि या पट्ट्यातली माणसं अंतरं रुळांवरून मोजायला लागली. १८९६-९७च्या दुष्काळात आणि प्लेगात पंडिता रमाबाईंनी निराधार मुली-बायकांना इथे आणलं, शेती आणि छापखाना उभा केला; तेच मुक्ती मिशन. १९२२मध्ये त्यांचं निधनही इथेच झालं. बेट म्हटलं की नारायण महाराजांचं दत्तस्थान. ‘मिशनच्या अलीकडे’ असं सहज सांगणारा माणूस नकळत सव्वाशे वर्षांचा इतिहास बोलत असतो.

पण बोललेलं टिकतंच असं नाही. पुण्याच्या शनिवार पेठेचं जुनं नाव मुर्तजाबाद, गुरुवार पेठेचं वेताळ पेठ. ही नावं व्यवहारातून गेली तरी आपल्याला माहीत आहेत, कारण १८८५च्या पुणे गॅझेटियरसारख्या ग्रंथांत ती उतरवली गेली. त्या काळी केडगावचा परिसर भीमथडी तालुक्यात होता. तो तालुकाही आता त्या नावाने उरलेला नाही.

गावाच्या वाटांसाठी असा ग्रंथ कोण लिहिणार?

कागद अगदीच कोरा नाही. सातबाऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा रकाना आहे, पण तो अनेकदा रिकामाच दिसतो. स्वामित्व योजनेत गावठाणाच्या मिळकतींच्या हद्दी चुन्याने आखून ड्रोनने मोजतात. त्यातून घरमालकाला सनद मिळते, ते मोलाचंच आहे. मात्र छपराचं चित्र घेणाऱ्या ड्रोनला बोळाचं नाव कळत नाही. ते पारावर बसणाऱ्याला, रानात भाकरी नेणाऱ्या म्हातारीलाच ठाऊक असतं.

काही नावं बदलायलाच हवीत. वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावं काढण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२०मध्ये घेतला, तो योग्यच होता. अपमान पाटीवर राहता कामा नये. तरीही जुनं नाव दप्तरातून पुसू नये. जुन्या खरेदीखतातला पत्ता उद्या कुणाला शोधायचा असेल, आणि कोणाला गावाबाहेर ठेवलं होतं हेही पुढच्या पिढीला कळायला हवं.

वाटांची नावं उतरवण्याचं हे काम शाळेतल्या मुलांकडून उत्तम होईल. गावनकाशाची एक प्रत घ्यावी. प्रत्येक वाट, ओढा, वस्ती यांसमोर आजचं नाव, आधीचं नाव, सांगणाऱ्याचं वय आणि तारीख लिहावी. दोघांनी एका नावामागची दोन कारणं सांगितली तर दोन्ही ठेवावीत. एक प्रत ग्रामपंचायतीत, दुसरी वाचनालयात. सुरुवात सातबाऱ्यावरच्या त्या रिकाम्या रकान्यापासून करता येईल.