मैदानातून प्रबंधाकडे

१७ सप्टेंबर २००६ रोजी कॅनडातल्या एडमंटन शहरात न्यूझीलंडच्या महिला रग्बी संघाने इंग्लंडला २५-१७ असं हरवलं आणि लागोपाठ तिसऱ्यांदा विश्वचषक जिंकला. १९९८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला अमेरिकेवर ४४-१२, २००२ मध्ये बार्सिलोनाला इंग्लंडवर १९-९ आणि आता हा. तिन्ही वेळा कर्णधार एकच होती, फराह पामर. एडमंटनला त्या चषक घेऊन उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या नावाआधी ‘डॉक्टर’ लागून सहा वर्षं झाली होती आणि मायदेशी मॅसी विद्यापीठात त्या शिकवत होत्या.

आपल्याकडे रग्बी फारसा कुणी पाहत नाही. त्यामुळे पुण्यातल्या कर्वेनगरच्या वाचकाला हे नाव नवं असण्याची शक्यता मोठी. तरीही हिंगण्याच्या माळावर वसलेल्या या भागात पामर यांची कहाणी सांगायलाच हवी, असं मला मनापासून वाटतं. बाईच्या शिक्षणावर उभी राहिलेली अशी वस्ती देशात दुर्मीळ. आणि खेळणारी बाई शिकली, तिने स्वतःच्या खेळाचाच अभ्यास मांडला, तर काय काय बदलतं, हे पामर यांच्या आयुष्यात अगदी स्पष्ट दिसतं.

मेंढ्यांच्या मुलखातली मुलगी

फराह रांगीकोएपा पामर यांचा जन्म १९७२ चा, न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरच्या ते कुइती गावातला. बालपण जवळच्या पिओपिओत गेलं. हा सगळा मुलूख मेंढपाळांचा. लोकर कातरण्यातल्या कसबासाठी ते कुइती प्रसिद्ध आहे आणि रग्बीसाठीही, कारण कॉलिन मीड्ससारखा दंतकथा झालेला खेळाडू याच भागातला. इथल्या मुलाला चालता येऊ लागलं की हातात रग्बीचा लंबगोल चेंडू येतो. मुलींसाठी मात्र नेटबॉल हा ठरलेला खेळ होता. पामर माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांपैकी. मुलगी, माओरी आणि खेडेगावातली, अशा तिहेरी ओळखीकडे शाळा, मैदान आणि सरकारी कचेऱ्या कशा नजरेने पाहतात, हे त्यांनी लहानपणापासून अनुभवलं. पुढे हाच त्यांच्या संशोधनाचा विषय झाला.

शारीरिक शिक्षणाचा अभ्यास करायला त्या दक्षिण बेटावरच्या डनेडिनला, ओटागो विद्यापीठात गेल्या. तिथे रग्बी सुरू झाला. १९९६ मध्ये त्या राष्ट्रीय संघात आल्या आणि १९९७ मध्ये कर्णधार झाल्या. न्यूझीलंडच्या महिला संघाला ‘ब्लॅक फर्न्स’ म्हणतात.

मधल्या जागेवरची कर्णधार

पामर कोणत्या जागेवर खेळत, ते समजलं तर त्यांचं नेतृत्वही समजतं. रग्बीत प्रत्येक संघाचे पंधरा खेळाडू. चेंडू हाताने पुढे देता येत नाही, तो बाजूला किंवा मागे द्यायचा आणि स्वतः पळत पुढे जायचं. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवला की ‘ट्राय’ होतो, त्याचे पाच गुण. त्यानंतरची लाथ खांबांमधून गेली तर आणखी दोन. दंडाच्या लाथेला तीन.

किरकोळ नियमभंगानंतर खेळ पुन्हा सुरू करताना ‘स्क्रम’ लागतो. दोन्ही संघांचे आठ-आठ खेळाडू एकमेकांना घट्ट धरून, खाली वाकून, डोकी अडकवून समोरासमोर रेटा देतात. पहिल्या फळीत तिघं असतात, त्यातल्या मधल्या खेळाडूला हूकर म्हणतात. दोन्ही हात शेजारच्यांच्या खांद्यांवर, मागून पाच जणांचा दाब, समोरून आठ जणांचा, आणि तशात पायाने चेंडू मागे ओढायचा. चेंडू मैदानाबाहेर गेला की ‘लाइनआउट’ मध्ये तो अचूक फेकण्याचं कामही बहुतेक वेळा हूकरचंच. पामर हूकर होत्या. त्यांच्या कर्णधारपदाच्या सगळ्या कसोटी सामन्यांत संघ हरला तो एकदाच, २००१ मध्ये इंग्लंडकडून.

परवानगीशिवाय सुरू झालेला खेळ

हे यश कोणत्या परिस्थितीत मिळालं, ते पाहिल्याशिवाय त्याचं मोल कळत नाही. महिलांचा पहिला विश्वचषक १९९१ मध्ये वेल्समध्ये झाला. तो आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळाने भरवला नव्हता. लंडनच्या रिचमंड क्लबच्या डेबोरा ग्रिफिन, सू डॉरिंग्टन, अ‍ॅलिस कूपर आणि मेरी फोर्सिथ या चौघींनी पदरमोड करून, ओळखीपाळखीतून तो उभा केला. बारा संघ आले आणि अमेरिकेने अंतिम सामन्यात इंग्लंडला हरवलं. १९९४ च्या स्पर्धेला न्यूझीलंडचा संघ गेलाच नाही. मंडळाची अधिकृत मान्यता मिळाली ती १९९८ च्या स्पर्धेला, आणि तीच पामर यांनी जिंकलेली पहिली. आधीच्या दोन स्पर्धांना मान्यता मिळायला २००९ साल उजाडावं लागलं.

पामर यांच्या काळात या खेळातून पोट भरत नव्हतं. संघातल्या बायका नोकऱ्या सांभाळून सराव करत. न्यूझीलंडच्या महिला खेळाडूंना रग्बी संघटनेने पगारी करार दिले ते २०१८ मध्ये, पामर यांच्या शेवटच्या विश्वचषकानंतर बारा वर्षांनी.

प्रबंध: कुणाच्या नजरेतून?

कर्णधारपद सांभाळतानाच पामर यांनी ओटागो विद्यापीठात डॉक्टरेटचं काम केलं आणि २००० मध्ये ते पूर्ण झालं. प्रबंधाचा विषय होता माओरी मुली, शारीरिक शिक्षण, खेळ आणि या सगळ्यातली सत्ता.

या निवडीचं महत्त्व मोठं आहे. जगज्जेत्या कर्णधाराला विजयाचं तंत्र, सरावाची पद्धत, शरीराची क्षमता असे कितीतरी सोपे विषय मिळाले असते. पामर शाळेच्या मैदानाकडे परत गेल्या. खेळाच्या तासाला कोण पुढे असतं, कोण कडेला उभं राहतं? अंगात रग असलेली मुलगी शिक्षकांना गुणी वाटते की आगाऊ? माओरी मुली खेळात उपजतच चांगल्या असतात, हे कौतुक त्यांना वर्गातल्या अभ्यासापासून दूर तर लोटत नाही? आपल्याकडे आदिवासी किंवा ग्रामीण मुलीच्या काटकपणाचं असंच कौतुक होतं, आणि तिच्या हुशारीची चौकशी कुणी करत नाही. ज्यांनी शाळेत मुलींना खेळताना आणि खेळ सोडताना पाहिलंय, त्यांना हे प्रश्न ओळखीचे वाटतील.

पुढे पामर्स्टन नॉर्थ इथल्या मॅसी विद्यापीठात त्यांनी क्रीडा व्यवस्थापन शिकवलं, तिथल्या ‘ते आउ रांगाहाउ’ या माओरी उद्योगविषयक संशोधन केंद्राचं संचालकपद सांभाळलं. २०१० मध्ये टीना मास्टर्स यांच्यासोबत त्यांनी क्रीडा क्षेत्रात नेतृत्व करणाऱ्या माओरी स्त्रियांच्या अनुभवांवर शोधनिबंध लिहिला. बाई असणं आणि माओरी असणं या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजता येत नाहीत, नेतृत्वाच्या वाटेवर त्या एकत्रच आड येतात आणि एकत्रच बळही देतात, असा त्या मांडणीचा रोख आहे. जात, वर्ग आणि बाईपण यांचा गुंता रोज पाहणाऱ्या मराठी वाचकाला हा मुद्दा समजावून सांगण्याची गरज नाही.

निर्णयाच्या टेबलापाशी

न्यूझीलंडची रग्बी संघटना १८९२ मध्ये स्थापन झाली. तिच्या संचालक मंडळावर पहिली स्त्री निवडून आली डिसेंबर २०१६ मध्ये, म्हणजे १२४ वर्षांनी. ती फराह पामर. माओरी समाजाच्या प्रतिनिधी म्हणून त्या मंडळावर गेल्या आणि २०२१ मध्ये उपाध्यक्ष झाल्या. देशांतर्गत महिला स्पर्धेलाही २०१६ मध्ये ‘फराह पामर चषक’ हे नाव मिळालं. २०१४ मध्ये जागतिक रग्बीच्या सन्मान दालनात पहिल्यांदाच स्त्रियांचा समावेश झाला, त्या सहा जणींत त्या होत्या. २०२३ च्या नववर्ष सन्मानांत त्यांना ‘डेम’ हा किताब मिळाला.

मला यातला सगळ्यात मोलाचा वाटतो तो संचालक मंडळातला प्रवेश. सन्मान मागच्या कामाचा होतो, मंडळात पुढचं ठरतं. कोणत्या संघाला किती पैसा, कोणाला कधी मैदान, प्रशिक्षक कोण, करार कुणाशी, हे सगळं तिथे ठरतं. पामर तिथे पोचल्या तेव्हा त्यांच्यापाशी खेळाडूचा अनुभव होता, आणि तो अनुभव व्यवस्थेच्या भाषेत मांडण्याची अभ्यासकाची ताकदही होती. दोन्ही एकत्र आल्याशिवाय अशा बैठकीत बाईचं म्हणणं तक्रार म्हणून बाजूला पडतं.

पुण्याची कर्णधार

रग्बीचं भारताशी नातं जुनं. १८७२ मध्ये कलकत्त्यात सामना झाल्याची नोंद आहे आणि तिथला क्लब बंद पडताना शिल्लक चांदीचे रुपये वितळवून घडवलेल्या ‘कलकत्ता कप’साठी इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही झुंजतात. भारतीय मुली मात्र आंतरराष्ट्रीय मैदानात उतरल्या २००९ मध्ये, तेही सात खेळाडूंच्या प्रकारात. पंधरांच्या प्रकारातला महिला संघ पहिल्यांदा खेळला जून २०१८ मध्ये, सिंगापूरला. त्याची कर्णधार पुण्याची, वाहबिझ भरुचा. त्या फिजिओथेरपिस्ट आहेत. पुढच्याच वर्षी फिलिपिन्समध्ये त्यांच्याच नेतृत्वाखाली भारताने सिंगापूरला २१-१९ असं हरवून या प्रकारातला पहिला विजय मिळवला. शेवटच्या मिनिटांत विजयाची लाथ मारली ती ओडिशाच्या सुमित्रा नायकने.

शरीराचं शास्त्र शिकलेल्या मुलीने देशाचं नेतृत्व केलं, याचा पुणेकरांना अभिमान वाटायला हवा. खेळ आणि शिक्षण यांतलं एक निवड, असं घरोघरी सांगणाऱ्यांना तिचं उदाहरण दाखवता येईल.

हिंगण्याचं देणं

धोंडो केशव कर्वे यांनी १९०० मध्ये हिंगण्याच्या माळावर विधवांच्या आश्रमासाठी झोपडी बांधली. जमीन दिली होती रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी. महिला विद्यापीठाची कल्पना कर्व्यांना मिळाली टोकियोतल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून. १९१६ मध्ये ते विद्यापीठ पाच विद्यार्थिनींवर इथेच सुरू झालं. परदेशातला एक चांगला दाखला पाहायचा आणि आपल्या मातीत, आपल्या गरजेप्रमाणे तो रुजवायचा, ही कर्व्यांची रीत होती. आज त्याच परिसरात मुलींची शाळा आहे, वसतिगृहं आहेत, वास्तुकला महाविद्यालय आहे, १९९१ पासून कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. कबड्डी, खो-खो, अ‍ॅथलेटिक्स खेळणाऱ्या मुली महाराष्ट्रभरातून पुण्यात शिकायला येतात.

त्यांच्यापैकी काही जणींनी आपल्या खेळाचाच अभ्यास हाती घ्यावा, असं मला वाटतं. मुली कोणत्या वयात मैदान सोडतात, आणि सोडायला कोण लावतं? सायंकाळी सहानंतर मैदान कुणाच्या ताब्यात असतं? पाळीच्या दिवसांत सरावाचं वेळापत्रक कोण ठरवतं? तालुक्याच्या संघातून राज्याच्या संघात जाताना प्रवासाचा खर्च कुणाच्या खिशातून होतो? जिल्हा संघटनांच्या कार्यकारिणीत माजी खेळाडू स्त्रिया किती? या प्रश्नांची उत्तरं इथे उंबरठ्यापाशी आहेत, ती गोळा करायला खेळलेल्या मुलीइतकं योग्य कुणी नाही. संघातल्या मुली तिच्याशी मोकळेपणाने बोलतील, आणि त्या जे सांगतील त्याचा अर्थ तिला अंगानेच कळेल.

यासाठी लागणारी साधनं फार मोठी नाहीत. महाविद्यालयांनी पदव्युत्तर प्रकल्पांसाठी क्रीडा हा विषय खुला करावा, स्पर्धेमुळे बुडालेल्या तासांची भरपाई करून द्यावी, आणि क्रीडा संघटनांनी अशा अभ्यासक मुलींना आपले कागद पाहू द्यावेत. पामर यांच्या पहिल्या विश्वचषकापासून संचालक मंडळापर्यंत अठरा वर्षं गेली. आपल्या मुलींनी आज सुरुवात केली, तर याच कालावधीत महाराष्ट्राच्या क्रीडा संघटनांच्या बैठकांत हातात स्वतःचा अभ्यास घेऊन बसलेल्या खेळाडू स्त्रिया दिसतील, आणि तेव्हा मुलींच्या खेळाबद्दलचे निर्णय त्यांना न विचारता घेणं कुणालाही जमणार नाही.