उपनगरातले बालपण आणि समुद्राची वाट

मुंबई समुद्राकाठी वसलेली आहे हे शाळेत भूगोलाच्या पहिल्याच धड्यात शिकवतात. पण मुंबईत वाढलेल्या प्रत्येक मुलाच्या वाट्याला समुद्र आला असे मात्र नाही. घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड या बाजूच्या आपल्या मुलांना समुद्र म्हणजे वर्षातून एकदा-दोनदा दिसणारी गोष्ट. वडिलांची सुट्टी, हातात आलेला पगार आणि आईची सवड या तिन्ही गोष्टी जुळून आल्या तरच तो दिसायचा. अंधेरी, मालाड, बोरिवलीकडच्या मुलांना तो जवळ होता. तरी त्यांनाही तो रोजचा नव्हताच.

आज पन्नाशी-साठीत असलेल्या पिढीच्या या आठवणी आहेत. या पिढीचे आईबाप गावाहून आले. काहींनी १९५६ च्या धर्मांतरानंतर गावकीची कामे टाकून गाव सोडले, तर काही १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा आणि विदर्भातून पोटासाठी निघाले. कोकणातले लोक तर त्याआधीपासूनच गिरण्यांत आणि गोदीत होते. कोणाला विक्रोळी-भांडुपच्या कारखान्यांत काम मिळाले, कोणाला अंधेरीच्या एमआयडीसीत, कोणाला रेल्वेत, तर कोणी महापालिकेच्या सफाई खात्यात लागले. डोंगराच्या उतारावर, नाल्याच्या कडेला, महामार्गालगत जिथे जागा मिळाली तिथे घर उभे राहिले. आधी बांबू आणि ताडपत्री, मग पत्रा, मग एकेक करून विटा. आपले बालपण त्या विटांबरोबरच वाढले.

खाडीकडची मुले

मध्य रेल्वेच्या बाजूला समुद्र नव्हता, पण खाडी होती. कांजूर, भांडुप, मुलुंडच्या पूर्वेला मिठागरे पसरलेली होती. उन्हाळ्यात दुरून पांढरे ढीग चमकायचे. ते साखरेचे डोंगर आहेत असे मोठी मुले लहानांना सांगत आणि लहानांना ते खरेही वाटे! बांधावरून चालत जायचे, चिखलात पाय घालायचा, खेकडा पकडायचा प्रयत्न करायचा आणि अंधार पडायच्या आत घरी येऊन मार खायचा. त्याच ठाणे खाडीवर आज हजारो फ्लेमिंगो उतरतात. २०१५ साली तेथे अभयारण्य जाहीर झाले आणि २०२२ साली खाडीला रामसर यादीत स्थान मिळाले. आम्ही मात्र त्या जागेला नुसते ‘खाडीवर’ म्हणत असू.

खेळायला वस्तीतली गल्ली पुरे. गोट्या, विटीदांडू, लगोरी, लंगडी, डबा ऐसपैस यांपैकी एकाही खेळाला पैसे लागत नसत. तानसाच्या जाड पाइपांवरून तोल सांभाळत चालणे हा तर आमचा आवडता खेळ. या पाइपांमधून शहराचे पाणी धो धो वाहत असे आणि त्यांच्याच शेजारी राहणारी आमची आई पहाटे चार वाजता हंडा-कळशी घेऊन नळाच्या रांगेत उभी असे. ही गोष्ट तेव्हा खटकली नाही. आज खटकते.

संध्याकाळी विहारात दिवा लागे. घरात दहा माणसे, एक खोली. म्हणून अभ्यासाला मुले विहारात नाहीतर रस्त्याच्या दिव्याखाली बसत. एकाचे पुस्तक चौघांत फिरे. १४ एप्रिल जवळ आला की वर्गणी, पताका, भीमगीतांची तालीम. नवा कपडा दिवाळीला नसला तरी चालेल, जयंतीला हवाच, असा प्रत्येक घरात हट्ट असायचा.

जुहूची सफर

जुहूला जायचे ठरले की आदल्या रात्रीपासून झोप नसे. घाटकोपरहून निघालेले कुटुंब आधी दादरला उतरे. पुलावरून पलीकडे जाऊन पश्चिम रेल्वेची गाडी, मग सांताक्रूझ, आणि तिथून जुहूची २३१ नंबरची लाल बस. वाटेत दोनदा तिकीट, तीनदा गर्दी आणि प्रत्येक ठिकाणी आईचा एकच धाक : “हात सोडू नकोस.” डबलडेकर मिळाली तर वरच्या मजल्यावर पुढची जागा पकडायला मुले धावत सुटत. जुन्या डिझेलवरच्या त्या डबलडेकर बसगाड्या सप्टेंबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, तेव्हा अनेक मोठ्या माणसांच्याही डोळ्यांत पाणी आले.

अंधेरीहून दक्षिणेकडे गाडीने जाताना पार्ले आले हे पाटी वाचून कळण्याची गरज नव्हती. १९२९ साली सुरू झालेल्या पार्ले कंपनीच्या कारखान्यातून भाजलेल्या बिस्किटांचा वास थेट डब्यात शिरे. चहात बुडवलेले बिस्किट हाच ज्यांचा सकाळचा नाश्ता, त्या मुलांना तो वास म्हणजे मेजवानीच. २०१६ साली तिथले उत्पादन बंद झाले आणि तो वासही गेला.

जुहूला पोहोचल्यावर काय करायचे? पाण्यात पाय बुडवायचे, वाळूचा किल्ला करायचा आणि भेळेच्या गाडीकडे पाहायचे. भेळ सगळ्यांना मिळून एक. पोट भरायला घरून चपात्या आणि सुकटीची चटणी आणलेली असे. वर्सोवा, मढ, गोराईला गेलेल्यांनी बांबूंच्या मांडवावर वाळत घातलेले बोंबील पाहिलेले असतील. आपल्या पावसाळ्यातल्या जेवणाची बेगमी या कोळीवाड्यांतून होत असे. समुद्र आपल्याला पाहायला कमी मिळाला, पण सुकट, जवळा आणि बोंबील यांच्या रूपाने तो ताटात मात्र नेहमी होता.

मालाडच्या मुलांची मजा वेगळी. २७१ नंबरच्या बसने मढकडे जाताना रस्ता झाडीतून जाई. वर्सोव्याहून मढला आणि गोराईच्या खाडीतून पलीकडे होडीने जाणे म्हणजे तर परदेश प्रवास!

दादरचा समुद्र

आपल्यापैकी पुष्कळांनी आयुष्यात पहिला समुद्र पाहिला तो जुहूला नव्हे, दादरला. वडिलांच्या खांद्यावर बसून, डिसेंबरच्या थंडीत, लांबच लांब रांगेतून. ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांवर दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. तिथे उभारलेल्या चैत्यभूमीचे उद्घाटन ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताई आंबेडकर यांच्या हस्ते झाले. रांगेत उभे राहून दमलेल्या मुलाला मोठी माणसे सांगत, “थोडे थांब, पुढे समुद्र आहे.” दर्शन झाले की बाप मुलाला वाळूवर नेई आणि परतताना पुस्तकांच्या दुकानातून एखादे पातळ पुस्तक घेऊन देई. त्यामुळे आपल्या घरांत समुद्र म्हटले की चौपाटीच्या भेळेबरोबर पुस्तकही आठवते.

सगळेच गोड नव्हते

जुन्या दिवसांची आठवण काढताना आपण कडू भाग वगळतो. तसे करू नये. पावसाळ्यात घरात गुडघाभर पाणी, संडासची रांग, घर तोडायला आलेली गाडी आणि रस्त्यावर पडलेली भांडी, हेही आपले बालपणच आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि निषेधासाठी जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. दहाजण मृत्युमुखी पडले. त्या धक्क्याने मुलुंडला राहणारे शाहीर विलास घोगरे यांनी चारच दिवसांनी आपले जीवन संपवले. त्या वर्षी त्या वस्तीत जी मुले सात-आठ वर्षांची होती, ती आज स्वतः आईबाप आहेत. त्यांच्या बालपणाच्या आठवणीत लगोरी आहे आणि ती सकाळही आहे.

आणखी एक गोष्ट. खाडीवर कोण गेले? मुलगे गेले. पाइपांवरून कोण धावले? मुलगे. त्याच वयाची बहीण नळावर नंबर लावून उभी होती, धाकट्याला कडेवर घेऊन होती, आई कामाला गेली म्हणून भाकऱ्या थापत होती. शेजारच्या मैत्रिणींबरोबर जुहूला जाते म्हटले तर तिला परवानगी नव्हती. आपण पुरुष मंडळी जुन्या दिवसांच्या गोष्टी रंगवून सांगतो, तेव्हा शेजारी बसलेली बहीण गप्प का असते, याचा कधी विचार केला आहे काय? तिला एकदा विचारावे. तिच्या आठवणी वेगळ्या निघतील.

आता वाट जवळ झाली

८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. ११.४ किलोमीटर, १२ स्थानके. जिथे जायला आपल्याला दादरला वळसा घालावा लागे किंवा साकीनाक्याच्या कोंडीत बस अडकून पडे, तिथे आजचा मुलगा वीस-बावीस मिनिटांत पोहोचतो. पुढे रिक्षा केली की समुद्र! गोराईच्या बाजूला २००९ साली खुला झालेला विश्व विपश्यना पॅगोडा उभा आहे. एकही खांब नसलेल्या त्याच्या घुमटाखाली सुमारे आठ हजार माणसे बसू शकतात. वाटा सोप्या झाल्या, याचा आनंदच आहे.

पण वस्त्याही बदलत आहेत. रमाबाई नगरच्या पुनर्विकासाची योजना हाती घेण्यात आली आहे आणि उपनगरांत ठिकठिकाणी चाळी व झोपड्या जाऊन इमारती उभ्या राहत आहेत. पक्के घर, घरात नळ, घरात संडास मिळालेच पाहिजे. त्यासाठी आपल्या आईबापांनी उभे आयुष्य झिजवले. मात्र वस्ती उठली की गल्ली जाते, गल्लीबरोबर तिचे नाव जाते आणि कोणत्या घरात कोण कुठून आले हे सांगणारी माणसेही पांगतात.

बोरिवलीच्या जंगलातल्या कान्हेरी लेण्यांत शाळेच्या सहलीबरोबर आपण सगळे गेलो आहोत. डबा खाल्ला, माकडे पाहिली, वनराणीत बसलो आणि परत आलो. तिथल्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत काय कोरले आहे, हे तेव्हा आपल्याला कोणी सांगितले नाही. कल्याण, सोपारा अशा गावांतून आलेल्या साध्या माणसांची ती नावे आहेत. त्यांत व्यापारी आहेत, भिक्खुणी आहेत, कारागीर आहेत. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचे टाके खोदवून दिले, म्हणून जवळजवळ दोन हजार वर्षांनंतरही त्याचे नाव आपल्याला वाचता येते. आपल्या आयांनी डोक्यावरून वाहिलेल्या पाण्याची नोंद मात्र कुठेच नाही.

आपल्या माणसांनी ही नोंद करायला सुरुवात केलेली आहे. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले, बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ साली आणि ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ २००३ साली. प्रत्येकाला पुस्तक लिहिता येणार नाही. शंभर पानी वही तर प्रत्येक घरात आहे. येत्या रविवारी दुपारच्या जेवणानंतर मुलांना वही-पेन घेऊन आजीजवळ बसवा. गाव कोणते, कोणत्या साली आलात, पहिले घर कशाचे होते, नळ किती लांब होता आणि पहिला समुद्र कधी पाहिलात, एवढे पाच प्रश्न विचारायला सांगा. जुन्या फोटोंच्या मागे नावे आणि साल लिहून ठेवा. आणि वही भरल्यावर आजीला एकदा मेट्रोने वर्सोव्याला घेऊन जा. आमच्या वेळी तिने आमचा हात सोडला नव्हता. आता वाळूवर तिचा हात धरायची पाळी नातवंडांची आहे.